पुढच्या सीटवर

चांगदेव मढवी बँकेत शिकायला लागला, तेव्हा कोपरखैरण्यात कुणाचं बँकेत खातं नव्हतं. लोक पैसे मडक्यात ठेवत, नाहीतर बायकांच्या गळ्यात. गावातला कॉलेजात गेलेला तोच पहिला. सदुसष्ट सालच्या उन्हाळी सुट्टीत ठाण्याच्या कॉलेजानं बी.कॉम.च्या मुलांना फर्मान काढलं, की प्रत्येकानं एखाद्या बँकेत बसून काम शिकायचं आणि तसा दाखला आणायचा. त्याशिवाय पुढच्या वर्षाला बसता येणार नाही. चांगदेवनं तुर्भ्याची शाखा मागून घेतली. घरून चालत जाण्यासारखी होती, म्हणून.

शाखा म्हणजे कौलारू घराच्या दोन खोल्या. ठाणे-बेलापूर रस्त्याला कारखाने उठायला लागले होते, त्यांच्यासाठी बँकेनं ती उघडलेली. मॅनेजरला तेव्हा एजंट म्हणत. इथले एजंट कर्णिकसाहेब, ठाण्याचे. स्वच्छ धोतरातले, हळू बोलणारे आणि मनातून कायम धास्तावलेले. या ओसाड भागात आपली बदली कुणीतरी सूड उगवायला केली, असं त्यांचं पक्कं मत होतं. चांगदेवला ते वाईट वागवत नसत. चेक कसा वाचायचा, सही कशी ताडायची, हे त्यांनी मन लावून शिकवलं.

दारावर बंदूकवाला होता, धर्मराज. फौजेतून हवालदार होऊन निवृत्त झालेला, वाईकडचा माणूस. दुनळी बंदूक मांडीवर आडवी घेऊन तो स्टुलावर बसे आणि तंबाखू मळता मळता चांगदेवला फौजेतल्या गोष्टी सांगे. "बंदूक भरलेली असली की मानसानं कमी बोलावं," असं म्हणायचा आणि स्वतः मात्र दिवसभर बोलायचा. दुपारची भाकरी दोघं एकत्र खात. चांगदेवच्या डब्यातलं सुकं बोंबील त्याला फार आवडे.

पहिले काही आठवडे असे गेले. मग महाप्याच्या रंगाच्या कंपनीत संप झाला.

कंपनी उभी राहिली होती ती आसपासच्या गावांच्या शेतांवर. जमिनी घेताना घरटी एक नोकरी कबूल केली होती. नोकऱ्या दिल्या, पण कायम कुणालाच केलं नाही. दर काही महिन्यांनी काढायचं आणि नव्यानं घ्यायचं. पोरांनी काम थांबवलं. त्यांचा म्होरक्या होता बाळाराम, चांगदेवचा थोरला भाऊ. कंपनीनं मुकादमाकरवी बाहेरची माणसं आणून काम चालू ठेवलं. एके सकाळी मुकादमाच्या माणसांनी फाटकाबाहेर बसलेल्या पोरांना सळयांनी झोडपलं. एकाचं मनगट मोडलं, एकाचं डोकं फुटलं. त्या दिवसापासून पोरंही सळया घेऊन बसायला लागली.

बाळाराम हात उगारणारा नव्हता. रात्री जेवताना तो जानूला बजावत होता. जानू त्याचा जिवाभावाचा दोस्त. मनगट मोडलं ते जानूच्या भावाचं.

"जान्या, आपलेकडून पयला हात उठायचा नाय. पोलीस वाटच बगतान. एक जरी मेला ना, तरी पोरा फासावर जातील नि कंपनी हासत बसंल."

जानूनं ताट बाजूला सारलं. बायजा, बाळारामची बायको, भाकरी वाढत होती. ती म्हणाली, "नि आपलीच मेली त?"

"त्याला मी हाय ना," बाळाराम म्हणाला.

पगाराच्या दिवशी बँकेतून रोकड कंपनीत पोचवायची असे. एरवी कंपनीची बंद गाडी येई. त्या दिवशी कंपनीनं उघडी जीप पाठवली आणि ड्रायव्हरनं निरोप आणला, की फाटकावर गर्दी आहे, जपून या. कर्णिकसाहेबांचा चेहरा उतरला. हा पगार बाहेरून आणलेल्या माणसांचा होता, हे सगळ्यांना ठाऊक होतं. ते चांगदेवकडे वळले.

"मढवी, तूही चल. रोकड पोचवणं शिकायलाच हवं तुला."

"मी?"

"ड्रायव्हरशेजारी बस. तुझ्याच गावची माणसं आहेत ना? तुला पाहून वाट देतील."

धर्मराज बंदुकीत काडतुसं भरत होता. तो मान वर न करता म्हणाला, "साहेब, पोराला नका नेऊ. ह्यो शिकायला आलाय."

"तुला विचारलंय का?" कर्णिक म्हणाले. त्यांचा आवाज इतका चढलेला चांगदेवनं कधी ऐकला नव्हता.

चांगदेव बसला. नाही म्हणता आलं असतं. पण दाखल्यावर सही त्यांची होती. शिवाय आपल्याला पाहून दादा वाट देईल, याची त्यालाही खात्री होती. मागच्या बाजूला पैशांची लोखंडी पेटी, पेटीच्या एका अंगाला कर्णिक, दुसऱ्या अंगाला धर्मराज.

महाप्याच्या फाट्यावरून वळल्यावर गर्दी दिसली. रस्त्यात दगड रचलेले. पोरं अंगानं घामेजलेली, कुणाच्या हातात सळई, कुणाच्या हातात कोयता. ड्रायव्हरनं जीप थांबवली तसा गलका उठला आणि लगेच बसला. पुढच्या सीटवर कोण आहे ते लोकांनी ओळखलं होतं.

बाळाराम गर्दीतून एकटाच पुढं आला. हात मोकळे. जीपच्या कडेला येऊन त्यानं चांगदेवकडे पाहिलं.

"तुला कुनी बसवला इथं?"

चांगदेवनं मागं कर्णिकांकडे पाहिलं.

"साहेब," बाळाराम मागं वाकून कर्णिकांना म्हणाला, "माजे भावाला पुढं घालून आयलाव? मागं फिरवा गाडी. आज पैसे आत जानार नाय. आमी कुनाला हात लावनार नाय."

"आम्ही फक्त पोचवायला आलोय," कर्णिक म्हणाले. "आमचा तुमच्या भांडणाशी संबंध नाही."

"मंग परत जा."

कर्णिक ड्रायव्हरला मागं घे म्हणालेही असते. त्यांचं तोंड उघडलं होतं. तेवढ्यात गर्दीच्या डाव्या बाजूनं दगड आला. टाकणारा चांगदेवला स्पष्ट दिसला. जानू. दगड कर्णिकांच्या भुवईवर बसला. रक्ताची धार डोळ्यात उतरली आणि ते किंचाळले. त्याबरोबर मागचे लोक पुढं रेटले. बाळारामनं जीपकडे पाठ केली आणि दोन्ही हात पसरून गर्दी थोपवायला लागला. "थांबा रं! मागं सरा!"

"घाल गोळी!" कर्णिक ओरडले.

धर्मराज उठून उभा राहिला होता. "साहेब, हवेत काढतो."

"घाल म्हणतो ना! मारतील आपल्याला! घाल!"

बार चांगदेवच्या कानाशेजारी झाला. त्याला पुढचं काही ऐकू आलं नाही, फक्त दिसलं. बाळारामच्या पांढऱ्या बनियनची पाठ एकदम लाल झाली. त्याचे पसरलेले हात तसेच राहिले आणि तो गुडघ्यांवर बसला. ड्रायव्हरनं घाबरून जीप उसळवली, दगडांवरून फाटकाच्या दिशेनं काढली. उभा असलेला धर्मराज मागच्या मागं रस्त्यावर आदळला. चांगदेवनं उडी टाकली. कर्णिक, पेटी आणि जीप फाटकातून आत गेली आणि फाटक बंद झालं.

चांगदेव आधी भावाकडे गेला नाही. धर्मराजकडे गेला. तो हातांवर उठायचा प्रयत्न करत होता. चांगदेवनं पायातल्या बुटाची लाथ त्याच्या तोंडावर घातली, पुन्हा घातली. तिसऱ्या वेळी पायाखाली काहीतरी मऊ फुटल्यासारखं झालं. मग बाकीचे आले. सळया पडायला लागल्या. बरगड्यांवर पडणाऱ्या सळईचा आवाज वेगळा येतो आणि नडगीवर पडणाऱ्या सळईचा वेगळा. बहिऱ्या झालेल्या कानातूनही चांगदेवला ते कळत होतं. धर्मराज ओरडत नव्हता. डोकं हातांत धरून गोळा होऊन पडला होता.

कुणीतरी चांगदेवचा पाय ओढला. बाळाराम होता. तो पोटावर सरपटत तिथवर आला होता. मागं मातीत रक्ताचा पट्टा उमटला होता.

चांगदेवनं कान त्याच्या तोंडाशी नेला.

"मारू नको देऊस त्याला," बाळाराम म्हणाला. "मेला त पोरा लटकतील. जगला पायजे तो. चांग्या, थांबव."

"थांबा!" चांगदेव ओरडला. कुणी ऐकलं नाही. त्यानं एकाला मागं खेचलं, तर त्यानं कोपरानं चांगदेवचं नाक फोडलं. जानू रस्त्यात रचलेला एक धोंडा दोन्ही हातांनी डोक्यावर उचलून धर्मराजच्या उशाशी येत होता. आता सळयांचं काम संपलं होतं.

बंदूक गटाराच्या कडेला पडली होती. धर्मराजनं दुपारच्या वेळी गंमत म्हणून ती त्याला धरायला शिकवलेली. दुसऱ्या नळीत काडतूस होतं, हे चांगदेवला माहीत होतं. त्यानं ती उचलली आणि जानूच्या छातीवर रोखली.

"धोंडा टाक."

पोरं थबकली. जानू त्याच्याकडे बघतच राहिला. "तुजा भाऊस मारलाय त्यानं."

"दादानंच सांगितलंय. ह्याला जगवायचा. धोंडा टाक, जान्या."

"खोटा बोलतंस. बँकेचा कुत्रा झायलास तू."

जानू धोंडा घेऊन एक पाऊल पुढं आला. चांगदेवच्यानं चाप ओढवेना. त्यानं बंदूक उलटी केली आणि लाकडी दस्ता जीव खाऊन जानूच्या जबड्यावर हाणला. दातांचा चुरा झाला. धोंडा निसटून जानूच्याच पायावर पडला. तो कोसळला, तोंडातून रक्त आणि शिव्या एकदमच बाहेर पडत होत्या. चांगदेवनं नळी पुन्हा इतरांकडे वळवली. तो थरथरत होता, आणि थरथरणाऱ्या माणसाच्या हातातली बंदूक लोकांना जास्त भिववते. सगळे मागं सरले.

खाणीतून खडी घेऊन एक ट्रक ठाण्याकडे निघाला होता. चांगदेवनं तो रस्त्यात उभं राहून अडवला. बाळारामला चढवायला पोरं धावली. "ह्याला पन," असं चांगदेव धर्मराजकडे बोट करून म्हणाला, तेव्हा कुणी हलेना. पोरांनी उलट ट्रकची फळी धरून ठेवली. आधी बाळारामला एकट्याला जाऊ दे, म्हणाले. चांगदेव नाही म्हणाला. धर्मराजला इथं सोडलं तर तो मरणार, हे त्याला दिसत होतं. ओढाताण झाली, शिवीगाळ झाली. अखेर त्यानं धर्मराजला काखेत धरून एकट्यानंच फरफटत वर ओढलं. यात किती वेळ गेला ते त्याला पुढं कधीच नीट सांगता आलं नाही. त्याच्या मते थोडाच. गावाच्या मते फार.

खडीच्या ढिगावर दोघं शेजारी शेजारी पडले होते. ट्रक प्रत्येक खड्ड्यात आदळला की दोघंही कण्हत. दिघ्याच्या पुढं बाळारामनं मान वळवून धर्मराजकडे पाहिलं. धर्मराजचा एक डोळा खोबणीत उरला नव्हता, दुसरा उघडा होता.

"मरू नको रं तू," बाळाराम त्याला म्हणाला.

कळव्याच्या पुलावर बाळारामचा श्वास थांबला. चांगदेवनं त्याचं डोकं मांडीवर घेतलं होतं. खडी रक्तानं भिजून काळी पडली होती.

इस्पितळातले डॉक्टर म्हणाले, की छर्रे मूत्रपिंडात गेले होते, लवकर आणलं असतं तरी उपयोग नव्हता. चांगदेवनं ते ऐकलं. विश्वास ठेवावा की नाही ते त्याला ठरवता येईना.

संध्याकाळी कर्णिकसाहेब कपाळाला पट्टी बांधून तिथं आले. चांगदेवला त्यांनी व्हरांड्याच्या टोकाला नेलं.

"फार वाईट झालं, मढवी. पोलीस तुझी जबानी घेतील. जे झालं तेच सांगायचं. जमाव चालून आला आणि गार्डनं घाबरून स्वतःच गोळी झाडली."

"तुम्ही सांगितलंत त्याला."

"मी काय बोललो ते मलाच आठवत नाही. डोळ्यात रक्त होतं. हे बघ, त्यानं तुझा भाऊ मारला. त्याला वाचवून तुला काय मिळणार? तुझा दाखला मी उद्या देतो. कायमची नोकरीही—"

पुढचं वाक्य त्यांना पुरं करता आलं नाही. चांगदेवनं त्यांचा गळा धरून त्यांना भिंतीवर आपटलं. एकदा, दोनदा. पट्टी सुटली, टाके उसवले. नर्सनं आरडाओरडा केला, वॉर्डबॉयनी त्याची बोटं एकेक करून सोडवली. कर्णिक खाली बसून रडायला लागले. "मला दोन मुली आहेत रे," असं म्हणत होते.

बाळारामला खाडीकाठच्या मसणात नेलं, तेव्हा सारा गाव होता. चिता पेटल्यावर जानूचे भाऊबंद चांगदेवभोवती गोळा झाले. जानू तोंड बांधून दूर उभा होता. त्यांनी चांगदेवला तिवरांच्या चिखलात पाडलं आणि हातातल्या बांबूंनी मारलं. गळ्याखालचं हाड मोडलं. आई रडत होती, पण मधे आली नाही. बायजा बघत होती. बऱ्याच वेळानं ती म्हणाली, "पुरे. आज दोन मढी नको." चांगदेव त्याच रात्री गाव सोडून ठाण्याला मित्राच्या खोलीवर गेला.

संप मिटला. गावातलं माणूस मेल्यावर कंपनीला मिटवावाच लागला. निम्मी पोरं कायम झाली, त्यात जानूही होता. बाळारामच्या जागी बायजाला घेतलं, रंगाच्या पिंपांपाशी झाडायला.

खटला वर्षभरानं उभा राहिला. सरकारी वकिलानं चांगदेवला साक्षीला बोलावलं. बायजा प्रत्येक तारखेला यायची आणि मागच्या बाकावर बसायची. धर्मराज पिंजऱ्यात होता, डोळ्यावर कापडी ठिगळ. हुकूम दिल्याबद्दल कर्णिकही आरोपी होते.

चांगदेवनं सगळं सांगितलं. कर्णिकांनी पुढच्या सीटवर बसवलं ते, गोळी घाल म्हणून ओरडले ते, धर्मराज हवेत काढतो म्हणाला ते. आणि डोळा आपल्या लाथेनं फुटला असावा, हेही सांगितलं. कर्णिकांच्या वतीनं आलेला वकील उठला.

"पहिला दगड कुणी मारला?"

चांगदेवनं मागच्या बाकाकडे पाहिलं. न्यायाधीशांनी पुन्हा विचारलं.

"जानूनं," तो म्हणाला.

मागच्या बाकावर गलबला झाला. जानू तिथंच होता. जानूचा जबडा वाकडा भरून आला होता. तो उठून निघून गेला.

धर्मराजची पाळी आली तेव्हा त्यानं हुकुमाचा आधार घेतला नाही. "बार मीच काढला," म्हणाला. "घाबरलो. फौजेत इतकी वर्षं काढून घाबरलो." मग म्हणाला, "ज्याला लागली तो ट्रकमधी माझ्याशेजारी व्हता. मला म्हनला, मरू नको. मला ते आजून समजत न्हाई."

धर्मराजला पाच वर्षांची सजा लागली. कर्णिकांवर काहीच शाबीत झालं नाही. ड्रायव्हरनं इंजिनाच्या आवाजात ऐकू आलं नाही म्हणून सांगितलं. बँकेनं त्यांना कोकणात कुठंतरी पाठवलं. जानूवर दंग्याचा गुन्हा लागला, सहा महिने आत गेला. चांगदेवनं त्या सुट्टीनंतर दुसऱ्या बँकेतून दाखला मिळवला नाही. कॉलेजात गेला आणि सांगितलं, की मी बँकेत जे शिकलो त्याचा दाखला कुणी देणार नाही. प्राध्यापकांनी पेपरात आलेलं वाचलं होतं. त्यांनी त्याला परीक्षेला बसू दिलं.

निकालाच्या दिवशी कोर्टाच्या आवारात बायजा त्याच्यापाशी आली. मसणातल्या त्या दिवसानंतर ती पहिल्यांदाच बोलत होती. हाताची नखं रंगानं निळी झाली होती.

"दगड जान्यानं मारला ते आदी का नाय बोललास?"

"तुमी ऐकला असता काय, वहिनी?"

 "नसता," म्हणाली. "वरीसभर त्यो माजे दाराव बोंबील-म्हावरा आनून ठेवतंय. मना वाटला, दोस्तीखातर."

दोघं फाटकापर्यंत चालत गेली. पोलिसांची गाडी धर्मराजला घेऊन बाहेर पडत होती, तिला वाट द्यायला दोघं थांबली.

"मरताना काय काय बोलला त्यो?" बायजानं विचारलं. "समदा सांग."

चांगदेवनं सांगितलं. रस्त्यावरचं आणि ट्रकमधलं.

"माजा नाव घेतलान?"

त्याला हो म्हणता आलं असतं. ऐकणारं तिसरं कुणी नव्हतं.

"नाय," तो म्हणाला. "पोरांचाच बोलला. नि त्या बंदूकवाल्याचे संगती बोलला."

बायजानं पदरानं तोंड पुसलं. रडली नाही. "तसाच व्हता त्यो," म्हणाली. "घरातला भात करपला तरी त्याला शेजारचे चुलीची काळजी." मग तिनं रस्त्याकडे पाहिलं. "तू त्याचेसाठी बंदूक धरलीस, त्याला ट्रकात चढवलास, ते मी इसरनार नाय. त्या वेलात गाडी पुढं गेली असती, असाच माजे मनात येतंय. डागदर कायबी बोलू दे."

"माजेबी मनात येतंय," चांगदेव म्हणाला.

"आये आजारी हाय. जेवत नाय. बगायचा असंल त चल."

बेलापूरची एस.टी. लागली होती. बायजा पुढच्या दारानं चढली. चांगदेव मागच्या दारानं चढला आणि तिच्यापासून दोन बाकं सोडून बसला.